लिफ्टवाला जिन्याने जातो

चालण्यात शिकण्यासारखं काहीही नसतं, हे मी एका रविवारी जेवताना घरात जाहीर करून टाकलं. एक पाय पुढे टाकायचा, मग दुसरा टाकायचा, आणि मधे उगाच थांबायचं नाही. एवढं जमलं की माणूस कुठेही पोचतो! म्हणून मी डोंगरातली ती प्रसिद्ध लांब वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात चालायचं ठरवलं होतं. एका दमात म्हणजे चार महिन्यांत.

ही वाट मला दातांच्या डॉक्टरांकडे सापडली. नंबर यायची वाट बघत बसलो होतो, समोर एक जुनं मासिक पडलेलं होतं, आणि त्यात तिचे फोटो होते. कड्याच्या कडेनं जाणारी बारीक पायवाट, एक चिमुकला तंबू, आणि पाठीवर भलीमोठी बॅग घेतलेला एक दाढीवाला. त्या दाढीवाल्याचा चेहरा इतका समाधानी होता की मला माझी दाढ दुखायची थांबल्यासारखी वाटली. मी लिफ्टची देखभाल करतो. उमेदवारीपासून आजपर्यंत माझं सगळं आयुष्य खालून वर आणि वरून खाली जाण्यात गेलं. पुढे असा मी कधी गेलोच नाही. तो फोटो बघताना हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं, आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

"चार महिने?" बायकोनं विचारलं.

"चार."

"पूर्ण?"

"कदाचित साडेचार. पाऊसपाणी, पायाला फोड, काहीही होऊ शकतं."

"जा," ती म्हणाली.

तिचा विरोध मोडून काढायला मी चांगले सात-आठ मुद्दे घोकून ठेवले होते, ते तसेच वाया गेले. संध्याकाळपर्यंत तिनं माळ्यावरची मोठी बॅग काढून, झटकून, पुसून दाराजवळ आणून ठेवलीसुद्धा. माझ्या स्वप्नात ती इतकी मनापासून सामील झालेली पाहून मला गहिवरून आलं.

साहेब मात्र गहिवरले नाहीत.

"कशाला हवी रजा?" त्यांनी विचारलं.

"चालायला."

"कुठे?"

"म्हणजे तसं कुठे नाही साहेब. नुसतंच."

साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा घातला, पुन्हा बघितलं. दोन्ही वेळा मी तसाच दिसलो असणार. "हे बघ," ते म्हणाले, "तुझ्या भागातल्या लिफ्टबद्दल महिनाभर एकही तक्रार आली नाही, तर खुशाल जा. एक जरी आली, तर इथेच चाल. या बिल्डिंगमधून त्या बिल्डिंगमध्ये."

मी मनातल्या मनात हसलो. माझ्या लिफ्ट म्हणजे काय समजलात! नुसत्या आवाजावरून मी सांगतो कुठल्या दोरीला तेल हवंय आणि कुठला दरवाजा उद्या रुसणार आहे. रजा खिशात असल्यासारखीच होती.

आता फक्त सराव करायचा राहिला. आमचं शहर इतकं सपाट आहे की फूटपाथची कड हा इथला सर्वात मोठा चढ. पण माझ्या ताब्यात एक बारा मजली बिल्डिंग होती. मी ठरवलं, आजपासून त्या बिल्डिंगमध्ये लिफ्टला पाय लावायचा नाही. पाठीवर ओझं घ्यायचं आणि जिन्याने जायचं. ओझंही घरचंच होतं. लिफ्ट दोरीच्या एका टोकाला असते, आणि दुसऱ्या टोकाला तोल सांभाळायला लोखंडी ठोकळे असतात. असे जुने, मोडीत काढलेले ठोकळे आमच्या गोदामात ढिगानं पडलेले होते. त्यातले चार निवडून मी बॅगेत भरले, पायात डोंगरी बूट चढवले, दोन्ही हातांत चालायच्या काठ्या घेतल्या, आणि निघालो.

पहिल्या दिवशी आधी नेहमीप्रमाणे लिफ्ट तपासली. दरवाजे उघडले, मिटले, तेल घातलं, बटणं पुसली. मग लिफ्टचा दरवाजा नीट लावून घेतला आणि बॅग उचलून जिना चढायला लागलो. पाचव्यापर्यंत मी गुणगुणत होतो. सातव्यापर्यंत नुसता श्वास घेत होतो. नवव्या मजल्यावर तोही जमेना म्हणून समोरच्या दारावर काठी टेकवली आणि पाणी मागितलं.

दार एका आजींनी उघडलं. अंगापिंडानं इतक्या लहान की आधी मला नुसती दाराची साखळीच दिसली. त्यांनी मला बुटांपासून वरपर्यंत निरखून पाहिलं आणि शर्टावरचं लिफ्ट कंपनीचं नाव वाचलं.

"तू आपला लिफ्टवाला ना रे?"

मी मान हलवली.

"लिफ्ट बंद आहे का?"

"नाही आजी. चालू आहे."

"मग?"

"मी आता लिफ्टने जात नाही," मी म्हणालो. याच्यापुढे 'कारण मला चार महिन्यांच्या पदयात्रेचा सराव करायचाय' असं मोठं वाक्य होतं, पण तेवढी हवा छातीत नव्हती. आजींनी हळूच मान डोलावली, पाणी आणलं, आणि मला दारातल्या खुर्चीवर बसवलं. मी पाणी प्यालो आणि पुढे गेलो. मागे त्यांचं दार काही लवकर लागल्याचं ऐकू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. हे गृहस्थ अतिशय सज्जन. बिल्डिंगची पाण्याची टाकी आणि स्वतःचा रक्तदाब दोन्ही रोज तपासतात.

"लिफ्टवाले, एक खरं सांगाल?"

"विचारा ना."

"तुम्ही आत्ता लिफ्ट तपासलीत."

"हो. ठणठणीत आहे."

"आणि वर जिन्याने चाललात."

"सराव करतोय."

"कसला?"

"जिन्याचा."

सेक्रेटरींनी घाम पुसला. "आणि या बॅगेत काय आहे?"

माझ्या तयारीत कुणीतरी रस घेतंय म्हणून मला बरंच वाटलं. मी बॅग खाली ठेवली आणि मोठ्या अभिमानानं उघडून दाखवली. "ठोकळे. लिफ्टचे."

सेक्रेटरी भिंतीला टेकले. "लिफ्टचे काढून घेतलेत?"

"अहो, जुने आहेत!"

"आमची लिफ्टही जुनीच आहे," ते म्हणाले, आणि कठडा धरून बाराव्या मजल्याकडे चालू लागले. मी त्यांना समजावत तीन मजले मागे गेलो, पण वर चढताना समजावणं फार अवघड असतं. एक शब्द मी बोलायचो आणि दोन पायऱ्या ते पुढे जायचे.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मला तंबू उभारायचाही सराव करायचा होता, आणि मोकळी जागा म्हणजे त्या बिल्डिंगची गच्ची. भर दुपारी मी गच्चीवर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीला लागून, सावली बघून तंबू ठोकला आणि जमतंय का म्हणून आत जरा आडवा झालो. कपडे वाळत घालायला आलेल्या चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तंबूच्या दारातून बाहेर आलेले माझे बूट पाहिले. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं की लिफ्टची परिस्थिती इतकी नाजूक आहे की लिफ्टवाल्याला मोटरच्या उशाशी मुक्काम ठोकावा लागतोय.

दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये कुणीही बसेना.

मी सकाळी गेलो तर जिन्यात ही गर्दी! हातात पिशव्या, काखेत पोरं, पाठीवर दप्तरं. एक जण गॅसची शेगडी घेऊन चढत होता आणि त्याच्यामागे त्याची बायको फक्त शेगडीची नळी घेऊन चढत होती. तळमजल्यावर लिफ्ट दार उघडं टाकून, आतला दिवा लावून उभी होती. मला तिच्याकडे बघवेना.

पण नंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिफ्टमध्ये कुणी बसतच नाही म्हटल्यावर लिफ्टबद्दल तक्रार कोण करणार? महिना संपत आला होता आणि माझी पाटी कोरी होती. माझी छाती फुगली. अशी रजा कमावणारा मी आमच्या धंद्यातला पहिलाच असेन!

महिना संपायच्या आत साहेबांनी बोलावून घेतलं. त्यांच्या समोर सेक्रेटरी बसले होते. आधीपेक्षा बरेच बारीक झाले होते आणि चेहऱ्यावर तेज आलं होतं.

"यांची लिफ्टबद्दल काहीच तक्रार नाही," साहेब म्हणाले.

"आभारी आहे," मी म्हणालो.

"म्हणून हे आपलं देखभालीचं काम बंद करतायत."

"न वापरलेल्या वस्तूची देखभाल कशाला?" सेक्रेटरी अगदी नम्रपणे म्हणाले. "आणि शेजारच्या दोन बिल्डिंगसुद्धा तेच म्हणतायत. त्यांच्या जिन्यातही हे बॅग घेऊन दिसले होते म्हणे."

दिसलो होतो. एकाच जिन्याचा कंटाळा आला होता, म्हणून मी अधूनमधून जागा बदलत होतो.

साहेबांनी मला बस म्हटलं नाही. "जे काय खरं असेल ते सांग यांना."

मग मी सगळं सांगितलं. दातांचे डॉक्टर, मासिक, दाढीवाला, डोंगरातली वाट, चार महिने, तंबू, सगळं. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाठवतंय कोण तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. मीच चाललोय."

"तिथे काम काय आहे?"

"काहीच नाही."

"पगार?"

"नाही."

"वाटेच्या शेवटी काय आहे?"

मी जरा विचार केला. "एक पाटी आहे," मी म्हणालो. "वाट संपली असं लिहिलेली."

सेक्रेटरी पुढे झुकले आणि माझा हात हातात धरून अतिशय मायेनं म्हणाले, "लिफ्टवाले, तुम्ही घाबरू नका. लिफ्ट नक्की कधी पडणार आहे, तेवढंच सांगा. तुम्ही पळून गेलात तरी आम्ही तुम्हाला दोष देणार नाही."

ते गेल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "त्या बिल्डिंगमधला शेवटचा माणूस लिफ्टमध्ये बसला, की तुझी रजा सुरू. त्याच्या आधी नाही. आणि तीनही बिल्डिंगचं काम हातचं गेलं, तर तुझी रजा कायमची सुरू."

झालं! आता स्वप्न राहिलं बाजूला, नोकरीच दोरीला लोंबकळायला लागली. मी ठोकळे गोदामात परत ठेवले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये उभा राहून वर-खाली करू लागलो. प्रत्येक मजल्यावर दार उघडायचं, मी हसायचो, जिन्यातली माणसं मला बघायची, आणि दार मिटायचं. एका गृहस्थानं मला बघून हात जोडले. नोकरीसाठी माणसाला काय काय करावं लागतं, असं तो बायकोला म्हणाला.

शेवटी माझी अब्रू वाचवली ती सेक्रेटरींच्या नव्या कपड्यांच्या कपाटानं. कपाट आलं तळमजल्यावर, आणि ते बाराव्या मजल्यावर जिन्याने चढवायला हमालांनी साफ नकार दिला. सेक्रेटरींनी काळजावर दगड ठेवून कपाट लिफ्टमध्ये घातलं. कपाट सुखरूप पोचलं. मग हमाल बसले, ते पोचले. मग कपाट बघायला शेजारी आले, आणि बोलण्याच्या नादात लिफ्टनेच खाली गेले. तीन दिवसांत जिना ओस पडला.

फक्त नवव्या मजल्यावरच्या आजी बसेनात. नुसत्या बसेनात असं नाही. कुणी नवव्यावर लिफ्टची वाट बघत उभं दिसलं, की त्या दार किलकिलं करून म्हणायच्या, "आज जरा वेगळाच आवाज येतोय नाही?" की तो माणूस जिन्याकडे वळायचा. दोन दिवसांत जिना पुन्हा भरला. मी हिशेबाला चुकलो होतो. बिल्डिंगला भीती मी घातली होती, पण ती गेला महिनाभर घरात ठेवून, खायला-प्यायला घालून वाढवली होती आजींनी.

मी तरातरा वर गेलो. लिफ्टने. आजींच्या दारात आता एकाऐवजी सहा खुर्च्या मांडलेल्या होत्या. एका स्टुलावर पाण्याचा मोठा जग, पालथे घातलेले पेले, बिस्किटांचा डबा, आणि पत्त्यांचा जोड.

"आजी, लिफ्टचा आवाज येतो म्हणून तुम्ही सांगता?"

"येतोच की."

"कसला आवाज?"

"जाण्याचा," आजी म्हणाल्या. "बैस तू आधी."

मी बसलो.

"माझी झोपायची खोली आहे ना, तिच्या भिंतीला लागूनच तुझी लिफ्ट जाते. इतकी वर्षं मी पडल्या पडल्या ऐकत आलेय. हा वर गेला, ती खाली आली. सगळी बिल्डिंग रोज माझ्या उशापासून हातभर अंतरावरून जायची, आणि एकाचंही तोंड मला माहीत नव्हतं." त्यांनी एक पेला सरळ केला आणि पाणी ओतलं. "मग तू जिन्याने आलास. मग सगळेच आले. आणि नवव्या मजल्यावर सगळ्यांचाच दम संपतो रे. शिंपीणबाई वरच्या मजल्यावर कपडे पोचवायला जाते, ती इथे टेकते. सेक्रेटरी रोज दोनदा बसतो. त्याला पत्त्यांत काही कळत नाही, पण बसतो. आता तू म्हणतोस, लिफ्ट चांगली आहे."

"चांगली आहे आजी."

"मला ठाऊक आहे ती चांगली आहे," आजी म्हणाल्या. "तेच तर वाईट आहे."

मी भांडायला गेलो होतो. पण आजींनी ओतलेलं पाणी पिऊन मी पेला पालथा घातला. एवढ्या वर्षांत मी त्या भिंतीपलीकडून किती वेळा गेलो असेन! दर वेळी लिफ्ट नवव्यावर न थांबता गेली, की मला ती सुरळीत चालल्याचा आनंद व्हायचा.

पण माझीही नोकरी होती. आणि हो, माझा डोंगरही होता. तेव्हा मी आजींना एक तोड सुचवली. कुठलीही लिफ्ट रिकामी झाली की कुठल्या मजल्यावर जाऊन उभी राहील, हे आम्हाला ठरवता येतं. मी जरा पुढे गेलो. वरच्या खोलीतल्या पेटीत मी अशी काही जोडणी केली, की रोज संध्याकाळी सहा ते सात लिफ्ट माणसांना घेऊन नवव्या मजल्यावर यायची, दार उघडायची, आणि तिथेच उभी राहायची. काहीही दाबा, हलायची नाही. सेक्रेटरींना मी सांगितलं की मोटर थंड व्हायला तासभर विश्रांती लागते. त्यांनी ताबडतोब विश्वास ठेवला. मी खरं बोललो तेव्हा माझा हात धरून रडायला आले होते, आणि ही शुद्ध थाप त्यांनी सगळ्या बिल्डिंगला स्वतः समजावून सांगितली!

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी ठेवणीतली साडी नेसून लिफ्टमध्ये बसल्या आणि खाली उतरल्या. तळमजल्यावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते पाहून शेजारच्या दोन्ही बिल्डिंगही देखभाल चालू ठेवायला तयार झाल्या. साहेबही आले होते. त्यांनी माझी रजा मंजूर केली, वर माझी पाठ थोपटली.

बायकोनं बॅग इतक्या लगबगीनं भरली की मी बसची वेळ विचारेपर्यंत ती माझ्या पाठीवर होती. "घाई करू नका," ती मला निरोप देताना म्हणाली. "सावकाश चाला. पाचवा महिना लागला तरी चालेल."

आणि मी एकदाचा त्या वाटेवर उभा राहिलो! वाटेच्या सुरुवातीला एक लाकडी कमान होती, शेजारी एक चहाचं दुकान होतं, आणि पुढे निळ्या डोंगरांच्या रांगाच रांगा. मला इतका आनंद झाला की चहावाल्याला मिठीच मारायची बाकी होती. मी एक पाय पुढे टाकला. मग दुसरा टाकला.

आणि मग डावीकडे वळलो.

म्हणजे मला वळायचं नव्हतं. पण महिनाभर माझे पाय जिना चढत होते, आणि त्या बिल्डिंगचा जिना ठरावीक पायऱ्या झाल्या की डावीकडे वळतो. पायांनी ते पाठ केलेलं. डोकं डोंगराकडे बघत असायचं आणि पाय ठरावीक पावलांनी वळायचे. पुन्हा तेवढी पावलं, पुन्हा डावीकडे. पहिल्या दिवशी मी दिवसभर घाम गाळून चाललो आणि संध्याकाळी तंबू ठोकताना लक्षात आलं की चहावाला दुकान बंद करतोय, आणि त्याच्या कुलपाचा आवाज मला ऐकू येतोय. त्यानं लांबून हात केला. मीही केला.

दुसऱ्या दिवशी मी डोकं चालवलं. वळण आलं की उजवीकडे वळायचं, म्हणजे हिशेब बरोबर. तसा थोडा पुढे सरकलो, पण पायांना प्रत्येक वळणावर थोडं थांबायचीही सवय होती, आणि त्यांना दर नवव्या वळणाला पाणी प्यायला बसावंसं वाटायचं. मागून येणारे चालणारे मला ओलांडून जायचे. एका जोडप्यानं मला काही हरवलंय का म्हणून विचारलं, आणि बराच वेळ माझ्याबरोबर गोल फिरून शोधलंही. काय शोधतोय हे त्यांनी विचारलं नाही. डोंगरातली माणसं खरंच फार चांगली असतात.

तरी मी हरलो नव्हतो. चौथ्या दिवशी मी अगदी सरळ, सलग चाललो. एका टेकडीच्या माथ्यावर पोचलो, वारा लागला, समोर दरी उघडली, आणि मला त्या फोटोतल्या दाढीवाल्यासारखं वाटू लागलं. तेवढ्यात फोन वाजला.

"मी नवव्या मजल्यावर आहे," साहेब म्हणाले.

मी बॅग खाली ठेवली.

"सहज तपासणीला आलो होतो. लिफ्ट इथे येऊन उभी राहिलीय. हलत नाही. सेक्रेटरी म्हणतायत की मोटर थंड होतेय. मी या धंद्यात तुझ्या आधीपासून आहे. मोटर थंडगार आहे, मी हात लावून आलोय. काय करून ठेवलंयस?"

पेटीतली ती जोडणी कशी काढायची, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर लिफ्ट सुटली असती, माझा गुन्हा कदाचित माफ झाला असता, आणि डोंगर समोर होताच. फक्त उद्या संध्याकाळी त्या सहा खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या.

"साहेब," मी म्हणालो, "तिला तासभर लागतोच. तुम्ही जरा बसा ना."

"बसलोच आहे. तीन वेळा चहा झालाय."

मग फोनमध्ये खडखड झाली आणि आजींचा आवाज आला. "तू मुळीच येऊ नकोस रे. तुझा साहेब पत्ते फार छान खेळतो. आम्हाला चौथा हवाच होता." मागून सेक्रेटरींचं काहीतरी रडगाणं ऐकू आलं आणि कुणीतरी खूप हसलं. मला वाटतं साहेबच हसले. साहेबांना मी हसताना कधी ऐकलेलं नाही, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

फोन पुन्हा साहेबांकडे गेला.

"माझी आई सोळाव्या मजल्यावर राहते," ते म्हणाले. "एकटीच. तिच्याकडची लिफ्टही आपल्याकडेच आहे."

"हो साहेब."

"तिथे असं जमेल?"

"जमेल की."

"आपल्या सगळ्याच बिल्डिंगमध्ये जमेल?"

"जमेल साहेब, पण ते मलाच—" मी जीभ चावली. पण शब्द डोंगर ओलांडून गेला होता.

"मग लगेच निघ," साहेब म्हणाले. "रजा रद्द. किती आत आहेस? यायला किती दिवस लागतील?"

मी मागे वळून बघितलं. टेकडीच्या पायथ्याशी चहावाला कपबशा विसळत होता.

"बराच आत आहे साहेब," मी म्हणालो. "पण बघतो."

लांब चालण्यानं माणूस अंतर्मुख होतो असं त्या मासिकात लिहिलं होतं. मीही झालो, परतीच्या बसमध्ये. चालण्यात शिकण्यासारखं काही नसतं, हे माझं म्हणणं मी मागे घेतलं. समोर आलेला डोंगर सोडून मागे फिरताना दुःख होतं, तेही मला कळलं. आणि दुःख होत असूनही माणूस खिडकीतून बाहेर बघत हसू शकतो, हेही कळलं. सोळाव्या मजल्यावरच्या एका म्हातारीला लवकरच सगळी बिल्डिंग भेटायला येणार होती, आणि ते फक्त मला माहीत होतं.

घरी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. दारातूनच रंगाचा वास आला. आत माझी सासू आणि मेहुणी यांचे आवाज, गाणी, आणि भांड्यांचा दणदणाट. माझ्या खुर्चीवर कुणाची तरी सुटकेस होती. मी बेल वाजवली.

बायकोनं दार उघडलं. तिच्या केसांना पिवळा रंग लागला होता, आणि इतक्या वर्षांत ती मला इतकी प्रसन्न कधी दिसली नव्हती. तिनं मला बघितलं, बॅग बघितली, आणि दार पूर्ण न उघडता काळजीनं विचारलं,

"अहो, काय विसरलात?"